मुरुडच्या दस्तरख्वानावर

अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते. अकोल्याला गाडी थांबली तेव्हा मुलीची नानी डबा घेऊन फलाटावर उभी होती. डब्यात शामी कबाब, ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी. आणि डब्याबरोबर ताकीद. "तिकडचे लोक पाण्यातलं काहीही खातात म्हणे. पोरगी देताय, नीट बघून या."

आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, तिघे मुरुडला निघालो होतो. मुलाची माणसं दोनदा अमरावतीला येऊन गेली होती. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला, घराणं दीनदार, देण्याघेण्याची बात नाही. अडलं होतं ते ताटात. आम्ही वऱ्हाडातले हनफी. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. समुद्रातल्या शिकारीची मुभा सूरह माइदाच्या 96व्या आयतीत आहे, ती दोघांनाही मान्य. पण पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल, असं हनफी फिकह सांगतो. शाफई मसलकात ही मुभा पुष्कळ मोठी आहे. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर तर खुद्द हनफी उलेमांत मतभेद आहेत. आमच्या घरी ती कधी शिजली नाही, इतकंच. शिजणार तरी कुठून? आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू नाहीतर कतला.

गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. मुरुडच्या एसटीला वेळ होता, म्हणून इस्राएल आळीत गेलो. बेने इस्राएल लोकांची ही जुनी वस्ती. मराठी बोलणारे हे यहुदी कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. 1948 नंतर बहुतेक इस्रायलला गेले, थोडी घरं उरली. मागेन अबोथ सिनेगॉग आम्ही बाहेरूनच पाहिलं.

त्यांच्या कोशरच्या नियमात मासा तोच, ज्याला पर आणि खवले दोन्ही असतात. कोळंबी नाही, तिसऱ्या नाहीत. म्हणजे या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या बाबतीत आम्ही वऱ्हाडी मुसलमान बेने इस्राएल शेजाऱ्यांच्या पंगतीला, आणि आमचे होणारे व्याही पलीकडच्या! मुलगी हसली. आम्हाला तेव्हा हसू आलं नाही.

रेवदंड्याचा पूल ओलांडून दुपारी मुरुडला पोचलो. दस्तरख्वान मांडलेलाच होता. तांदळाच्या भाकरी, तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं कालवण, कोळंबीचा पुलाव. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नको म्हणावं तर यजमानांचा अपमान, घ्यावं तर गळ्याखाली उतरत नाही. विहीणबाईंनीच विषय संपवला. "भाभी, सुरमई आणि हा साधा भात वेगळ्या भांड्यात केलाय. चमचेही वेगळे आहेत. तुमचं आम्हाला ठाऊक आहे." आम्ही न सांगताच त्यांनी चौकशी केली होती. वर्षानुवर्षं शाळेत मुलांना शिष्टाचार शिकवणाऱ्या आम्हाला ते एक पत्र लिहून आधी कळवायचं सुचलं नव्हतं.

जेवणानंतर व्याही बोलू लागले. त्यांचीही हयात जहाजावर गेलेली. "हलाल एकच, पण शिक्के किती!" ते म्हणाले. मलेशियात हलालचा शिक्का सरकारी जाकिम खातं देतं. इंडोनेशियात आधी उलेमांची परिषद देत असे; 2014 च्या कायद्यानंतर ते काम सरकारी संस्थेकडे गेलं. न्यूझीलंडमध्ये मेंढीला विजेचा सौम्य झटका देऊन बेशुद्ध करतात, मग जबह करतात. झटक्याने जीव जाता कामा नये, ही अट. इंग्लंडमध्ये तर हलालच्या दोन संस्था. एचएफए ठरावीक अटींवर असा झटका चालवून घेते, एचएमसीला तो मुळीच मंजूर नाही. "एकाच रस्त्यावर दोन दुकानं, दोन्हींवर हलालची पाटी. कोणत्या दारात शिरायचं?"

यहुद्यांचंही असंच आहे. इस्रायलमध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा शिक्का असतो. पण ज्यांना तो पुरेसा कडक वाटत नाही ते आपापल्या संस्थेचा वेगळा शिक्का शोधतात. वल्हांडणाच्या सणात युरोपातून आलेले अश्केनाझी यहुदी परंपरेने तांदूळ आणि डाळी वर्ज्य मानतात, सेफार्दी खातात. दोघांची तोराह एकच. अकोल्याच्या डाळमिलमधली तूरडाळ एका घरात चालेल, शेजारच्या घरात त्या आठवड्यात नाही.

आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचं सांगतो, त्यामुळे जिलेटिनची काळजी मिटते. मांसाहारासाठी 2020 च्या नियमांत तपकिरी त्रिकोण आला. पण इसेन्समधल्या अल्कोहोलबद्दल हिरवा ठिपका काही बोलत नाही. मटणाचं विचाराल तर अमरावतीत आम्ही कधी शिक्का शोधलाच नाही. आमचा कुरैशी कोण, त्याचे वालिद कोण, तो बिस्मिल्लाह म्हणून सुरी चालवतो की नाही, हे गल्लीला माहीत असतं. डबाबंद मांस हजार कोसांवरून येतं तेव्हा कुरैशीचा चेहरा दिसत नाही, म्हणून कागद लागतो. आणि कागद म्हटला की ज्याचा कागद त्याची अट.

रात्री मुलीला सरळ विचारलं, "तुझं काय?" ती म्हणाली, "शिजवायला शिकेन. खाण्याचं मुफ्तीसाहेबांना विचारेन. पण त्यांच्या ताटाला हराम म्हणणार नाही." निघण्याआधी हेच आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांकडून ऐकलं होतं: आपल्या मसलकावर चाला, दुसऱ्याच्या मसलकाला नावं ठेवू नका. ऐकून आलो होतो, पण ताटावर बसल्यावर आठवलं नव्हतं. मुलीला आठवलं.

सकाळी तारीख ठरली.

परतताना अकोल्याला नानी पुन्हा फलाटावर. पहिला प्रश्न, "काय खाल्लंत?" मुलीने विहीणबाईंनी खास नानीसाठी दिलेली सुक्या बोंबलांची पुडी खिडकीतून पुढे केली. नानीने ती नाकापासून हातभर लांब धरली.

"हा मासाच ना गं?"

"मासाच आहे, नानी. त्यांनी विचारून दिलाय."

गाडी हलली. नानीने पुडी पदराखाली घेतली.