न बांधलेल्या हॉटेलाचा किनारा

गेल्या मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेला जायला निघाले, त्याच्या आदल्याच आठवड्यात दिरांचा फोन आला. कोकणात समुद्राला लागून आमची सामायिक जमीन आहे. माडांची एक रांग, बाकी मोकळा माळ. तिथे रिसॉर्ट काढायला एक पार्टी तयार होती. ह्यांच्या माघारी आता माझीही सही लागते. "वहिनी, असा भाव पुन्हा यायचा नाही," भाऊजी म्हणाले. "परत आल्यावर बघू," म्हणून मी वेळ मारून नेली. पण खरं सांगते, विमानातसुद्धा तोच विचार डोक्यात घोळत होता.

लेक सॅन होजेला असते. एका शनिवारी सकाळीच डबा बांधून आम्ही सॅन सिमिऑनला निघालो. मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासमध्ये चहा! मोटारीने तीनेक तासांची वाट. शेवटी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पिवळट पडू लागलेल्या गवताच्या टेकड्या. मैलच्या मैल गेले, पण ना हॉटेल, ना दुकान, ना जाहिरातीची पाटी. मी जावयांना विचारलं, "अहो, एवढ्या सुंदर जागी कुणी काही बांधलं कसं नाही?"

"बांधणार होते, आई," ते हसून म्हणाले, "पण आधी वाडा तर बघून घ्या."

वाडा म्हणजे हर्स्ट कॅसल. जॉर्ज हर्स्ट यांनी १८६५ पासून इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. त्यांचे चिरंजीव विल्यम रँडॉल्फ हर्स्ट पुढे वृत्तपत्रांचे मोठे मालक झाले आणि त्यांनी टेकडीवर १६५ खोल्यांचा हा महाल उभारला. मला मात्र कौतुक वाटलं ते महाल बांधणाऱ्या बाईंचं. ज्युलिया मॉर्गन त्यांचं नाव. वास्तुशिल्पी म्हणून कॅलिफोर्नियात परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ पासून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्या या कामात होत्या. सॅन फ्रान्सिस्कोचं ऑफिस सांभाळायचं आणि शनिवार-रविवार गाठून रेल्वेने इथे कामावर यायचं! दोन चुली सांभाळणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९५७ साली हर्स्ट कंपनीने महाल सरकारला देऊन टाकला. भोवतालची ८२,००० एकर जमीन मात्र कंपनीकडेच राहिली. तिथे गुरं चरतात. हर्स्ट यांच्या प्राणिसंग्रहालयातल्या झेब्र्यांचे वंशजही त्यांच्यात दिसतात. आमच्या नातवाला दोन दिसले आणि त्याने गाडी डोक्यावर घेतली!

मग गाडी थांबली ती पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्यावर. वाळूत शेकडो हत्ती-सील लोळत पडलेले! मे महिना त्यांचा कात टाकायचा, त्यामुळे अंगावरची कातडी चिंध्यांसारखी लोंबत होती. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी माणसाने हा प्राणी जवळजवळ संपवला होता. या किनाऱ्यावर ते १९९० साली आले आणि १९९२ मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं. निळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त मंडळी, हौसेने सगळी माहिती सांगत होते.

तिथेच, ठेपले खाता खाता, जावयांनी हकिगत सांगितली. कंपनीला या किनाऱ्यावर ६५० खोल्यांची हॉटेलं आणि गोल्फचं मैदान करायचं होतं. १९९८ मध्ये राज्याच्या किनारा आयोगाने त्या बेताला कात्री लावली. भांडण चिघळत राहिलं असतं. पण पुढे दोन्ही बाजू बोलणी करायला बसल्या आणि २००५ साली सौदा झाला. तेरा मैल किनारा राज्याने विकत घेतला. वरच्या अंगाची सुमारे ८०,००० एकर जमीन कंपनीचीच राहिली, पण तिथे वसाहती उठवायचा हक्क तिने कायमचा विकला.

"म्हणजे जमीन आपली आणि हक्क दुसऱ्याचा?" मला उमगेना.

"समजा, आपलं घर आहे," लेक म्हणाली. "तू त्यात राहा, भाडं घे, मुलांना दे. पण वर माडी चढवायचा हक्क तू विकलास. उद्या घर विकलंस, तरी नव्या मालकालाही माडी चढवता येणार नाही."

किंमत ठरली साडेनऊ कोटी डॉलर. त्यातले आठ कोटी रोख आणि दीड कोटींची करसवलत. शिवाय कंपनीने २७ घरं आणि जुन्या गावात शंभर खोल्यांचं एक हॉटेल बांधायची मुभा राखून ठेवली. करारातल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे बघायला एक वेगळी संस्था आहे. सगळेच खूश झाले असं नाही. एवढा पैसा ओतूनही टेकड्यांवर लोकांना फिरायला मोकळीक नाही, ही तक्रार झालीच. मलाही ती पटली. पण समोर पिल्लं वाळू उडवत होती, आणि गोल्फचं मैदान कुठेच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी मुलांकडे गेलात, तर हा किनारा जरूर पाहा. सील पाहायला तिकीट नाही. महालाचं मात्र आधी काढून ठेवावं. स्वेटर विसरू नका, उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो. आणि पिल्लं बघायची तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा.

परत आल्यावर मी भाऊजींना फोन केला. म्हटलं, "विकायचंच नाही, असा माझा हट्ट नाही. तुमच्याकडे मुलीचं लग्न आहे, पैसा लागणार. पण सगळीच जमीन द्यायची की थोडी, आणि माडांच्या पुढे कुणी बांधायचं नाही अशी अट घालता येईल का, एवढं वकिलांना विचारू या. त्याआधी सही नको."

भाऊजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हीच या एकदा इकडे. किनाऱ्यावर बसूनच बोलू."

पुढच्या आठवड्यात निघते आहे.