सव्वापट

उन्हाळ्याच्या दुपारी नवीन जालन्याचे रस्ते ओस पडतात, कुंडलिकेच्या पुलावरची वर्दळ विरळ होते, मोंढ्याकडच्या हातगाड्या सावली धरतात, आणि झरोक्यातून गाळून आलेला उजेड बाबांच्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर येऊन बसतो. सतरा इंची, जवळजवळ चौकोनी पडदा. मागची दिव्याची बारीक नळी थकलेली, म्हणून पांढरे पानही त्यावर पोथीसारखे पिवळसर दिसते.

मला तो पिवळा उजेड आवडतो.

त्या संगणकावर लिनक्स टाकले तेव्हा अक्षरे ऐसपैस आली. बाबा सुखावले आणि थोड्याच वेळात डोळे चोळू लागले. बाजारभावाच्या पानावरची मोसंबी ‘मोसबी’ झाली होती. अंबड, मंठा, घनसावंगी, आपल्याच जिल्ह्यातल्या या गावांचे अनुस्वार शिरोरेघेत विरघळले होते. गणपती नेत्रालयात मोतीबिंदू काढल्यावर ज्यांना पिंपळाचे पान न् पान पुन्हा वेगळे दिसू लागले, त्यांना वाटले, डोळ्यांतच परत काही दाटून आले.

डोळे ठीक होते.

चालू होताना मॉनिटर संगणकाला आपली ओळख सांगतो: इतके ठिपके आडवे, इतके उभे. १२८ बाइटांची ही ओळख पंधरा पिनांच्या केबलमधल्या दोन पिनांवरून जाते. ती वाट तुटली की मॉनिटर मुका होतो आणि लिनक्स अंदाजाने १०२४ बाय ७६८ धरून चालते. इथे तेच झाले होते. या काचेचे खरे माप मात्र १२८० बाय १०२४. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याने आडवी सव्वा ठिपक्याची जागा भरायची. आणि काचेत सव्वा ठिपका नसतोच. मग रंग शेजारच्या ठिपक्यात सांडतो, वेलांटीची कड ओलसर होते, रफार जाडावतो, आणि सगळ्यांत लहान म्हणून अनुस्वार आधी जातो.

‘सीव्हीटी’ या आज्ञेकडून खऱ्या मापाची ओळ मागून घेतली आणि ‘एक्सरँडआर’ या दुसऱ्या आज्ञेच्या हाती दिली. पडदा काळा झाला. श्वास अडकावा इतकाच वेळ. उजळला तेव्हा घनसावंगीवरचे टिंब जागच्या जागी, काळेभोर, एकटे.

“आता स्वच्छ आहे रे,” बाबा म्हणाले, “पण बारीक झालं.”

मग ‘मोठा मजकूर’ ही सोय चालू केली. तीही सव्वापटच वाढवते! पण इथे ठिपके ताणले जात नाहीत. अक्षर आपल्या मूळ वळणांवरून नव्याने रेखले जाते, मोठे होऊनही रेखीव राहते. बाबांनी मोसंबीचा भाव मोठ्याने वाचला, मग मंठ्याचा पाऊस, मग शेवटच्या पानावरचे निधनवृत्तसुद्धा.

तुमच्याही घरी वयस्कर डोळे आणि जुना मॉनिटर असेल, तर पडद्याचे माप घटवून अक्षर मोठे करू नका. आधी पडद्याला त्याचे स्वतःचे माप द्या आणि मग अक्षर वाढवा.