एक बटण आणि अर्धा सेकंद

मागच्या सुट्टीत मुलाने माझ्या फोनमध्ये एक गेम टाकून दिला. "बाबा, तिकडे नेट नसतं ना, हा ऑफलाइन चालतो. एकच बटण आहे, तुलासुद्धा जमेल."

एनडीएत तीन वर्षं खडकवासल्याचं ड्रिल स्क्वेअर घासलेल्या माणसाला एक बटण जमणार नाही? मी हसलो होतो.

हे लिहितोय ते पूर्व लडाखमधल्या एका पोस्टवरून. नाव सांगत नाही, जुन्या मंडळींना अंदाज येईलच. अंधार लवकर पडतो. जेवणं झाली, रिपोर्ट गेले की बुखारीशेजारी बसून मी तो गेम उघडतो. 'अ डान्स ऑफ फायर अँड आइस', 2019 साली आलेला. दोन ग्रह, एक तांबडा, एक निळा. एक थांबतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. फिरणारा पुढच्या फरशीवर आला की नेमकं दाबायचं. मग तो थांबतो आणि पहिला फिरू लागतो. वाट सरळ असली की अर्धा फेरा, म्हणजे एक मात्रा. काटकोनात वळली की वळणाच्या बाजूप्रमाणे अर्धी मात्रा, नाहीतर दीड. वाटेचा आकार हाच ताल. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या आठवड्यात माझी गाडी पुढे सरकेना. प्रत्येक वेळी स्क्रीनवर तेच: फार लवकर. थंडीने बोटं बधिर झालीत म्हणावं, तर मग उशीर व्हायला हवा होता!

माझा रेडिओ ऑपरेटर होशियारपूरचा, लग्नांत ढोल वाजवत मोठा झालेला. एका रात्री तो मागे उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहब, आप देख के दबाते हो. सुन के दबाओ." फोन त्याच्या हातात दिला. तिसऱ्या प्रयत्नात पठ्ठ्याने लेव्हल पार केली, तीही पायाने ठेका धरून. त्यानेच ब्लूटूथचे हेडफोन काढायला लावले. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. वायरचे लावले, गेममधलं कॅलिब्रेशन केलं. रायफल झिरो करतो तसंच हे.

मला आमचे ड्रिल उस्ताद आठवले. पहिल्या टर्मला ड्रिल टेस्ट पास झाल्याशिवाय पुण्यात लिबर्टीवर जाता येत नसे, आणि मी ती दोनदा नापास झालो होतो. कारण? 'तेज चल'चा 'चल' पूर्ण व्हायच्या आत माझा पाय उचललेला असे. बाकीचे पुण्यात सिनेमा बघत आणि मी बूट पॉलिश करत बसे. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. तेवढंही थांबवत नव्हतं.

रविवारी सॅटेलाइट फोनवर घरी बोलतो. उपग्रह 36,000 किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. मुलगा दहावीत आहे. आमचं बोलणं नेहमी एकमेकांवर आदळायचं. तो गप्प झाला असं वाटून मी पुढचा प्रश्न टाकायचो, त्याच वेळी त्याचं अर्धं वाक्य यायचं, मग दोघंही "बोल, बोल" म्हणायचो. मग तो "काही नाही" म्हणून फोन आईकडे द्यायचा. मी दोष लाइनला देत होतो.

गेल्या रविवारी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" आणि मनात एक पाऊल मोजलं. मग आणखी एक. पलीकडून आवाज आला, "बरा." मी तरीही थांबलो.

"बाबा, मला सायन्स नाही घ्यायचं."

आधीचा मी असतो तर तिथेच बटण दाबलं असतं. कडेला ऑपरेटर बसला होता, त्याचा पाय जमिनीवर हळूच ठेका देत होता. मी म्हटलं, "सांग." तो अकरा मिनिटं बोलला. त्याला डिझाइन करायचंय. मला ते पटलंय असं नाही. पण सगळं ऐकून घेतलं.

शेवटी त्याने विचारलं, "गेम कुठपर्यंत आलास?"

"दुसऱ्या जगात अडकलोय."

"लवकर दाबतोयस," तो म्हणाला.

त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.