विषयात ‘तंजावर’

कुंभकोणमला आमची कितवी पिढी, हे घरात नक्की कुणालाच ठाऊक नाही. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १८५५ साली खालसा झालं, माणसं इथेच राहिली. माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं आहे. ते वाचणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी तंजावरच्या मराठ्यांच्या इतिहासावरच्या एका ईमेल-गटात शिरलो.

गट बोलका. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरच्या १८०३ च्या मराठी शिलालेखाचा विषय निघाला की आठवडाभर मेलची रीघ, त्यातले निम्मे नुसते ‘छान माहिती’. त्या गर्दीत विजेचं बिल राहून गेलं, तेव्हा वैतागून जीमेलमध्ये फिल्टर लावला: विषयात ‘तंजावर’ असेल तर इनबॉक्स टाळा, लेबल लावा, ‘वाचलेलं’ अशी खूण करा. इनबॉक्स लख्ख झाला. मी खूश.

फसलो दोन्हीकडून. रोमन लिपीत विषय लिहिणाऱ्यांचे मेल येतच राहिले. आणि पुण्याच्या आत्तेभावाने ‘तंजावर भेट’ अशा विषयाचा मेल केला, तो थेट त्या लेबलाखाली गडप. त्याला मोडी उत्तम येते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात काम आहे, ते झालं की तुझ्याकडे येतो, गाठोडं काढून ठेव, असं त्यात होतं. फोन करायचा त्याचा स्वभाव नाही. उत्तर नाही म्हटल्यावर, कागद दाखवायचे नसतील असं धरून तो परत गेला. इकडे मी ‘इतक्या जवळ आला आणि भेटलाही नाही’ म्हणून चारचौघांत त्यालाच बोल लावत होतो. एका लग्नात आत्याने मला चांगलंच सुनावलं, तेव्हा उलगडा झाला.

गटाच्या मेलमध्ये आत ‘लिस्ट-आयडी’ नावाची एक ओळ असते. विषय आणि लिपी काहीही असो, ती बदलत नाही. गटाचा एखादा मेल उघडून, तीन टिंबांखालचा ‘असेच मेसेज फिल्टर करा’ हा पर्याय घेतला की जीमेल ती आपणहून भरतो. हे उशिरा कळलं, ठीक आहे. पण न वाचलेल्या पत्रांवर ‘वाचलेलं’ असा शिक्का मारायला मला कुणी सांगितलं होतं? तो आता काढलाय. लेबलाशेजारचा आकडा फुगतोय, फुगू दे.

आत्तेभावाची फोनवर माफी मागितली. कुंभकोणमच्या २०२८ च्या महामहम उत्सवाला येतो म्हणाला, तोवर कागदांचे फोटो काढून पाठव. ते काम अजून सुरू केलेलं नाही.