दाढ ठणकते तेव्हा

दिवाळीत दातांच्या डॉक्टरांचे फोन रात्री वाजतात. दिवसभर चकली-चिवडा खाताना नुसती कुरकुरणारी दाढ अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागते. हा योगायोग नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की नस सुजते, पण भोवती दाताची कठीण भिंत असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा नसते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि नाडीचा ठोका दाढेत जाणवतो. म्हणून माझा पहिला सल्ला असतो, दोन उशा घ्या आणि डोकं उंच ठेवा.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. दोन दातांत अडकलेला कण फ्लॉसने हलकेच काढा. चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. मात्र सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं, तेव्हा दोन्ही एकदम घेऊ नका. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण असतात. अंगात ताप असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून झोपणारे अजूनही भेटतात. सकाळी त्यांची दाढ दुखतच असते, वर हिरडी भाजून पांढरी पडलेली असते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं, पण बोळ्यावर एखादाच थेंब घ्यावा आणि तो हिरडीला लागू देऊ नये. मशेरी तर मुळीच नको. दुखणाऱ्या दाढेला मशेरी लावता लावता तंबाखूचं व्यसन लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

कपाटात उरलेली अँटिबायोटिक्स घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. सुजलेली नस त्या गोळ्यांनी बरी होत नाही. ती उघडून साफ करावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो.

इतकं सगळं असूनही, ठणकणारी दाढ बहुधा सकाळपर्यंत थांबू शकते. खरी घाई असते ती आपटून मुळासकट बाहेर आलेल्या दाताची, आणि तिथेच लोक वेळ घालवतात. अंगणात पळताना मूल पडतं, समोरचा दात निखळतो, रक्त पाहून घर हादरतं. कोणीतरी तो दात नळाखाली घासून लख्ख करतं आणि कागदाच्या पुडीत बांधून आमच्याकडे आणतं. त्या मुळावर एक पातळ, ओलसर पापुद्रा असतो. दात पुन्हा रुजतो तो त्याच्याच जोरावर. घासला की तो जातो, आणि कोरडा राहिला तर तासाभरात त्यातल्या पेशी मरतात.

म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर बुचकळा, आणि जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर दात थंड दुधात ठेवून निघा. हे सारं कायमच्या दाताबद्दल. दुधाचा दात कधीही परत बसवू नका. खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते.

दुसरी घाई सुजेची. गाल सुजला तर बाहेरून शेक देऊ नका, थंड पट्टी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दातांच्या दवाखान्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात जा. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 साली वर्णन केलेला हा संसर्ग श्वासनलिका बंद करू शकतो. जबड्याचं प्रत्येक दुखणं दाताचंच असतं असं नाही. चालताना खालचा जबडा दुखतो आणि उभं राहिल्यावर दुखायचा थांबतो, असं असेल तर आधी हृदय तपासून घ्या.

दाढ काढल्यानंतर घरी रक्त येत राहिलं, तर बोळा अर्धा तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी उचलून पाहू नका, चुळाही भरू नका.

आणि कधी कधी दोन-तीन रात्री ठणकणारी दाढ अचानक गप्प होते. लोकांना वाटतं, बरी झाली. बहुतेक वेळा नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचायला लागलेला असतो. तेव्हा दुखायचं थांबलं म्हणून भेटीची वेळ रद्द करू नका. ठरल्या दिवशी नक्की या.