तांबडी शाई

आमचे तीर्थरूप खासबागेत प्राथमिक शिक्षक होते. शाळा सुटली की ते विणकरांच्या घरी जाऊन बसत आणि मागावरचे शब्द वहीत उतरून घेत. मराठी शब्द काळ्या शाईने, कानडी शब्द तांबड्या. माग आणि मग्ग, सूत आणि नूलु अशा जोड्या त्या वहीत एकाच ओळीत नांदत. जुन्या पोथ्यांतून दंड आणि समाप्तीच्या ओळी हिंगुळाने रंगवीत. त्याच वळणाचा हा संस्कार असावा.

निवृत्ती जवळ आली तशी ती वही संगणकावर उतरविण्यास आम्ही बसलो. त्यासाठी ‘मार्कडाउन’ ही लेखनरीत शिकलो. जॉन ग्रुबर या अमेरिकन गृहस्थाने ती २००४ साली प्रसिद्ध केली. ओळीच्या आरंभी # असले की मथळा, शब्दाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन तारे असले की ठळक अक्षर. बाकी सारा साधा मजकूर. त्यात तांबड्या शाईला मात्र खूण नव्हती. तेव्हा कानडी शब्द आम्ही सरळ गाळले. खरे सांगावयाचे तर, मराठीच्या अभिमानात वाढलेल्या आमच्या मनाला त्याचे फारसे वाईटही वाटले नाही.

दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी बेंगळूरहून आला. मूळ वही चाळून त्याने विचारले, “सर, ही तांबडी अक्षरं कुठं गेली?”

“त्यांना खूण नाही रे.”

“खूण आपण ठरवायची, सर!”

ब्राम मूलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली लोकांच्या हाती दिलेला ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक त्याने उघडला. कानडी शब्दाच्या मागे-पुढे @ घालावयाचे ठरले. खूण कोठे सुरू होते, कोठे संपते आणि मधल्या मजकुराचे नाव काय, ही एक ओळ. त्या नावाला रंग कोणता, ही दुसरी. एवढ्याने पडद्यावर मग्ग तांबडा झाला. आम्ही काही न बोलता पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ केला.

एके रात्री एका शब्दापुढची मिटती खूण राहिली. त्यासरशी तेथून पुढचा मराठी मजकूरही तांबडा! क्षणभर वाटले, वडीलच रागावले. चूक सापडली, खूण घातली, आणि पान शांत झाले.

वाचकहो, हा रंग फायलीत साठत नाही. तो संपादकाने पडद्यावर दाखविलेला असतो. फायलीत राहतात त्या केवळ खुणा. पण त्या असल्या म्हणजे पुढे कोणालाही आपापल्या नियमाने रंग परत आणता येतो. आम्ही गाळलेले शब्द मात्र कोणत्याही नियमाने परत आले नसते.

वहीत एका शब्दापुढे वडिलांनी तांबडे प्रश्नचिन्ह केले आहे. मराठी की कानडी, हे त्यांना ठरविता आले नसावे. आम्हीही ठरविले नाही. तो शब्द प्रश्नचिन्हासकट तसाच उतरवून ठेवला आहे.