घास अडला

मेसमध्ये मी सगळ्यात शेवटी उठतो हे अख्ख्या ब्लॉकला माहीत आहे. शाळेत सिस्टर म्हणायच्या, किती नीट चावून खातो! (हो, कॉन्व्हेंटवाला आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.) खरं तर पोळीचा प्रत्येक घास मी पाण्याने ढकलत होतो. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली होती, मीही तेच सांगत फिरायचो.

मागच्या वर्षी एका रविवारी धरमपेठेत मावशीकडे चिकनचा तुकडा छातीत अडकला. पाणी प्यायलो, तर पाणीच परत आलं. थुंकीसुद्धा गिळता येईना.

"काय होऊन राहिलं रे तुला?" मावशी घाबरली. श्वास चालू होता, म्हणून मी दोन तास "उतरेल, उतरेल" करत बसलो. शुद्ध मूर्खपणा. शेवटी मावसाजींनी स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं.

दुर्बिणीने तुकडा निघाला. अन्ननलिकेला आतून गोल कडी होती, थेट कोरुगेटेड पाइप! डॉक्टरांनी वरून-खालून सहा बारीक तुकडे तपासायला घेतले. या आजारात नळी कधी कधी अगदी साफ दिसते, निदान होतं ते मायक्रोस्कोपखाली. एका फील्डमध्ये इओसिनोफिल नावाच्या पेशी १५ निघाल्या तरी पुष्कळ. माझ्या ४०.

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. वेगळा आजार म्हणून तो १९९० च्या दशकात ओळखला गेला. बहुतेक वेळा खाण्याचीच ॲलर्जी असते, पण कशाची ते स्किन टेस्टवरून नीट कळत नाही. पदार्थ बंद करायचा, काही आठवड्यांनी परत दुर्बीण.

आधी ॲसिडिटीच्याच गोळ्या दिल्या. बऱ्याच जणांना त्यांनी उतार पडतो, मला नाही पडला. मग दम्याचा पंप, पण ओढायचा नाही, तोंडात मारून गिळायचा! नंतर चूळ भरायची आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नेमकी तेव्हाच रूमवर मॅगी होते.

"अबे, तुला दमा आहे काय?" रूममेट.

सोबत दूध बंद, कारण संशय सगळ्यात जास्त त्याच्यावर. टपरीवर काळा चहा. मावशी श्रीखंडाचा डबा माझ्यापासून लपवते.

तीन महिन्यांनी पेशी ९. पोळी उतरते. पण दोन व्हेरिएबल एकदम बदलले, गुण कशाने आला कोण जाणे! परीक्षेनंतर पंप बंद करून परत दुर्बीण आहे.

चावायची सवय मात्र सुटलेली नाही. मेसवाले काका, माझ्या ताटासाठी अजून थोडे दिवस थांबावं लागेल.